पांढऱ्या दोऱ्याची धाकटी

"ही जाणारी, ही येणारी. नीट बघून घ्या गं, दोघींचा चेहरा एकच आहे!"

हा आवाज मी जन्मताच ऐकला. आमच्या कारखान्यात नळ्या वाकवणारी एक मावशी होती, तिचा हा आवाज. सरळसोट नळी ती साच्यात धरायची, दांडा अलगद ओढायची, आणि झोपेत कूस वळावी तशी नळी वळायची. कुठे चुणी नाही, कुठे चीर नाही. हात चालू असताना तोंडाने गुणगुणणंही चालूच असे:

थोरली गं उतरते, तळाशी घागर भरते,
धाकटी गं परतते, काठावर रिती करते.

मित्रांनो, त्या ओळींतली धाकटी म्हणजे मी. मी एका जुन्या मोटारगाडीची परतीची नळी आहे.

थोरली माझी सख्खी बहीण. गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी असते. थोरली त्या टाकीत पार तळापर्यंत उतरते, तिथलं पेट्रोल उचलते आणि पुढे इंजिनाकडे नेते. इंजिन लागेल तेवढं पितं. उरलेलं मी माघारी आणते आणि टाकीत वरच्या अंगाला, काठाच्या जरा खाली ओतते. पेट्रोल असं फिरतं राहिलं की तापत नाही. भर उन्हात, चढावर, इतर गाड्यांचं पेट्रोल नळीतच वाफ होऊन जायचं आणि त्या बिचाऱ्या बॉनेट वर करून रस्त्याकडेला उभ्या असायच्या. आमची गाडी त्यांना वळसा घालून वर जायची. लोक इंजिनाची पाठ थोपटत. थोपटोत बापडे! उरलेलं घरी आणणाऱ्याला कोणी हार घालत नाही, पण त्याच्याशिवाय घरही चालत नाही. मला माझा मान माहीत होता.

मावशीने थोरलीला लाल रंगाचा ठिपका दिला होता आणि मला पांढरा. "खूण पुसू देऊ नका," असं ती आम्हाला बजावून सांगत होती. पण खूण जपणं नळीच्या हातात थोडंच असतं?

आमची गाडी ज्या घरी गेली तिथे एक शिवणवाल्या बाई होत्या. गाडी त्यांच्या यजमानांनी हौसेने घेतली खरी, पण चाकामागे बसलं की त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा. मग चालवायला शिकल्या त्या बाईच. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे मागच्या सीटवर रचून त्या गावभर जायच्या. कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, कोणाला स्टेशनवर सोडायचं असो, हाक यायची ती बाईंनाच. "बाईंची गाडी आली!" असं मुलं ओरडायची तेव्हा माझं अंग कौतुकाने थरथरायचं.

बाईंची एक सवय होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान त्या गाडीत बसतानाही काढत नसत. निघण्याआधी पेट्रोलचा काटा बघायचा आणि त्याच्या काचेवर अंगुस्तानाने दोनदा वाजवायचं. टक टक. तो आवाज पत्र्यातून खाली आमच्यापर्यंत यायचा. थोरली म्हणायची, "चल गं, बाई तयार झाल्या."

वर्षं गेली. चिखलाने, दगडगोट्यांनी आमचे ठिपके पुसून गेले. एकदा इंजिनापाशी आम्हाला जोडणारे रबरी तुकडे कडक झाले म्हणून गाडी गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक घाईत होता. त्याने दोन्ही तुकडे एकदमच काढले, नवे आणले आणि खाली वाकून पाहिलं. रंग एक, जाडी एक. क्षणभर तो थांबला. मग खांदे उडवले आणि थोरलीच्या जागी मला जोडलं, माझ्या जागी थोरलीला.

मित्रांनो, पाणी भरायला काठावर उभं राहिलं तर काय होईल? विहीर तुडुंब असेल तोवर घागर बुडेल. पाणी जरा खाली गेलं की घागरीत नुसता वारा! तेच झालं. टाकी काठोकाठ असेतोवर माझं तोंड पेट्रोलात होतं आणि गाडी मजेत चालत होती.

दुसऱ्याच दिवशी बाईंच्या धाकट्या दिरांना स्टेशनवर सोडायचं होतं. नव्या नोकरीवर वेळेत रुजू व्हायला त्यांना ती एकच आगगाडी होती. आदल्या दिवशी बाई बरंच फिरल्या होत्या. तरी निघताना त्यांनी काटा पाहिला. टक टक. मी ऐकलं. देवाशप्पथ ऐकलं.

मोठा चढ अर्धा झाला, टाकीतलं पेट्रोल मागे कललं आणि माझं तोंड उघडं पडलं. मी जीव तोडून ओढत होते, पण हाती वाराच येत होता. इंजिन खोकलं, अडखळलं, थांबलं. दिरांनी एका मोटारवाल्याकडून पेट्रोलचा भलामोठा कॅन मागून आणला आणि टाकीत ओतला. पेट्रोल माझ्या तोंडापर्यंत चढलं आणि गाडी झटक्यात सुरू झाली!

"वाः वहिनी!" दीर कडाडले. "निघताना काटा बघायचा असतो! हे काय शिवणाचं मशीन आहे, पाय मारला की चाललं?"

बाईंनी तोंड उघडलं होतं. पण दिरांची आगगाडी तोवर सुटली होती, आणि पुढे ती नोकरीही दुसऱ्याला गेली. त्यांचा उतरलेला चेहरा बघून बाईंनी ओठांवर आलेलं गिळलं. दीर काही वाईट नव्हते. त्यांना पुढे दुसरी नोकरी लागली, रागही विरला, त्याची थट्टा झाली. घरात चार माणसं जमली की ते विचारायचेच, "काय वहिनी, काटा बघितला का?" सगळे हसायचे. बाईही हसायच्या. पण गाडीची किल्ली त्यांनी मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवली आणि परत हातात घेतली नाही. "कंटाळा आला बाई मला," एवढंच त्या म्हणायच्या.

घरात एक नियमच पडून गेला. टाकी तुडुंब भरल्याशिवाय गाडी काढायची नाही. त्यामुळे ती कधी बंद पडली नाही, आणि म्हणून बाईंचीच चूक होती हे सगळ्यांच्या मनात पक्कं झालं.

मग घरात सून आली. ती कानांच्या दवाखान्यात होती. शांत खोलीत लहानथोरांना बसवायचं, बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कोणाला काय ऐकू येत नाही ते शोधायचं, हे तिचं काम. ती गाडी शिकली. एका रविवारी ती नियम विसरून तशीच बाहेर पडली, आणि घामाघूम होऊन पायी परतली.

दीर तेव्हा घरातच होते. एका हॉटेलवाल्याला दारात शोभेला जुनी गाडी हवी होती. इंजिन काढून आत फुलांच्या कुंड्या ठेवायचा त्याचा बेत होता. तेच सांगायला ते आले होते. सुनेला बघून त्यांनी टाळी वाजवली, "झालं! सासूचा वारसा सुनेने घेतला. पेट्रोल संपलं ना?"

"नाही हो काका! आई, मी काटा बघितला होता. अर्ध्याच्या वर होता!"

बाईंच्या मशीनचं चाक थांबलं. सुई कापडात रुतून राहिली.

"काय म्हणालीस?"

"काटा. बघितला होता मी."

"नक्की?"

"माझे डोळे काय उसने आणलेत?"

बाई उठल्या. कापड मापायची लाकडी पट्टी त्यांनी उचलली. "भाऊजी, त्या हॉटेलवाल्याला म्हणावं, पुढच्या रविवारी ये. चल गं."

ढकलत आणलेल्या गाडीच्या टाकीत त्यांनी पट्टी बुडवली. अर्ध्याच्या वर ओली.

"म्हणजे पेट्रोल होतं," सून म्हणाली. "मग पुढे का गेलं नाही?"

दुसऱ्या दिवशी सुनेने दवाखान्यातून दोन वस्तू आणल्या. एक होता हवा मारायचा रबरी फुगा, आणि दुसरी कानात घालून ऐकायची नळी, डॉक्टरांच्या गळ्यात असते तशी. अंगणात सतरंजी टाकून सासू-सुना गाडीखाली शिरल्या. काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांत आमच्याकडे कोणी एवढं निरखून बघितलं नव्हतं.

"दोन नळ्या आहेत आई. एक नेणारी, एक आणणारी. नेणारी तळाशी बुडलेली असणार. तिच्यात हवा मारली की आत बुडबुडे येतील. तुम्ही टाकीला कान लावा."

"माझे कान आता म्हातारे झालेत."

"म्हाताऱ्या कानांचीच मला सवय आहे. लावा."

सुनेने इंजिनाला नेणाऱ्या जागची नळी सोडवली. ती मी होते. तिने फुगा दाबला. माझ्यातून वारा गेला आणि टाकीच्या रिकाम्या भागात नुसताच पसरला.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही. कोणी सुस्कारा टाकावा तसं."

मग थोरलीची पाळी आली. फूस्! टाकीच्या तळातून आवाज उठला. गुडगुड, गुडगुड, गुडगुड!

बाईंचे डोळे मोठे झाले. "अगं बाई, ही तर बोलतेय!"

"ही खरी नेणारी," सून म्हणाली. "आई, या उलट्या जोडल्यात. कधीपासून कोण जाणे."

बाईंना माहीत होतं कधीपासून. गाडी गॅरेजातून आली त्या दिवसापासून. त्यांनी आम्हाला आमच्या जागी नेलं, पट्ट्या आवळल्या. मग घरातून दोऱ्याची रिळं आणली. थोरलीला लाल दोरा घट्ट गुंडाळला आणि मला पांढरा. मावशी, तू कुठे असशील तिथून बघ! तुझी खूण मला परत मिळाली.

आता माझी विनवणी इथेच करून टाकते, कारण शेवटचं बोलणं माझं नाही. मित्रांनो, दोन नळ्या सारख्या दिसल्या तरी त्यांची कामं सारखी नसतात. हात घालण्याआधी खूण करा. खूण पुसली असेल तर खांदे उडवू नका, फुंकर घाला आणि कान लावा. आणि एखादं माणूस बोलता बोलता थांबलं, तर त्याच्याही जवळ जरा थांबा. त्याच्या तळाशी बरंच काही भरलेलं असेल.

रविवारी हॉटेलवाला आला. बाई म्हणाल्या, "गाडी तो मोठा चढ चढली नाही तर खुशाल कुंड्या ठेवा." त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. सून शेजारी बसली, दीर आणि हॉटेलवाला मागे. टाकी अर्धीसुद्धा नव्हती.

टक टक.

थोरली म्हणाली, "चल गं!"

काय चढलो आम्ही! ती तळाची घागर भरून धावत होती, मी उरलेलं काठावर ओतत होते. गाडी जिथे तेव्हा थांबली होती ते वळण आलं आणि मागे गेलं. माथ्यावर बाईंनी गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या हाताने बंद केली. हॉटेलवाला स्वतःशीच म्हणाला, "हिच्यात कुंड्या ठेवणं पाप होईल." माझ्या तोंडून शेवटचे थेंब टाकीत पडत होते तेही ऐकू यावेत, इतकी शांतता होती.

दिरांना ती शांतता सोसवली नसावी. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय वहिनी, काटा बघितला होता ना?"

या वेळी बाई हसल्या नाहीत. त्या मागे वळल्या. आवाज चढला नाही, कापलाही नाही.

"बघितला होता, भाऊजी. आणि त्या दिवशीही बघितला होता. पाऊण टाकी होती."