टाकलेला

बाबा अकाबाच्या बंदराजवळ ट्रकखाली सापडून गेले. तिसऱ्या दिवशी ट्रकवाल्याच्या घरची वडीलधारी मंडळी माफी मागायला निघाली, ती आधी शोबकला, बाबांच्या मूळ गावी, अवादकाकांकडे गेली. माफी मयताच्या कुळाने द्यायची असते. काकांनी दारातूनच सांगितलं, तो माणूस आमचा नाही.

त्यात खोटं काही नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी चुलत बहिणीशी ठरलेलं लग्न मोडून बाबांनी एका घटस्फोटितेशी, म्हणजे माझ्या आईशी, निकाह केला. कुळाने कागद केला: याचा खून झाला तर आम्ही जाब विचारणार नाही, याने गुन्हा केला तर आम्ही बांधील नाही. खाली पाच साक्षीदार आणि कारण म्हणून एकच शब्द, खलीअ. स्वैर, बेबंद. पुढे तो शब्द शाळेतल्या मुलींनीही माझ्या तोंडावर वापरला. बाबा प्यायला लागले ते कागदानंतर. मग लोक म्हणाले, बघा, कागद खरा होता.

मी शोबकला गेले. बाबांना कोणीतरी आपलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. जुन्या शब्दकोशातल्या पानाची झेरॉक्स काकांपुढे ठेवली. त्यात खलीअचा पहिला अर्थ होता, ज्याला त्याच्या माणसांनी टाकलं तो. स्वैराचारी हा अर्थ त्याखाली, नंतर आलेला.

"तू शिकलेली," काका म्हणाले. "आम्ही काय पुस्तक बघून लिहिलं होतं?"

"नाही. पण क्रम तोच झाला, काका. आधी तुम्ही टाकलंत, मग ते तसे झाले."

चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं.  उठताना काकूला म्हणाले, माझा चांगला झगा काढ.

शुक्रवारी ते आमच्या दोन खोल्यांत पहिल्यांदाच आले. मंडळी समोर बसली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने कॉफीचा पेला तोंडाला न लावता खाली ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय पीत नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"शबीब माझा भाऊ," काका म्हणाले. "त्याचं रक्त आमचं."

मी चौकट धरली.

"आणि आम्ही माफ केलं. कॉफी घ्या."

ट्रकवाला, चांगला चाळिशीचा माणूस, हुंदके देऊन रडायला लागला. काकांनी त्याला जवळ घेतलं, पाठ थोपटली. माणसाकडून होतं असं, म्हणाले.

सगळे गेल्यावर मी पेले गोळा करत होते. काका माझ्याकडे न बघता बोलले. "एकदा जरी तो दारात आला असता ना पोरी, तर मी तो कागद फाडला असता. आलाच नाही."

मी पेले घेऊन आत गेले. दर ईदला बाबा मला घेऊन शोबकच्या फाट्यापर्यंत यायचे. गाडी बंद करून तासभर बसायचे, आणि मग आम्ही परत फिरायचो.