दहा मिनिटं कूलर बंद

मित्रांनो, मी जरीपटक्यातल्या दीक्षाच्या घरचा एक जुना गेमिंग कॉम्प्युटर आहे. आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. घरातला दिवा जरा लुकलुकला तरी माझा पंखा घरघरू लागतो.

नऊ वर्षांपूर्वी, दीक्षा आठवीत असताना, तिचे बाबा प्रेमानंद यांनी सुटे भाग आणून मला घरीच जोडलं. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला आहेत. तेव्हा माझा काय थाट होता! मोटारींच्या शर्यती बघायला पोरं जमायची आणि दारात चपलांचा ढीग पडायचा. पण मे महिन्यात मी फार तापायचो. म्हणून दीक्षाने मायेने मला कूलरसमोर ठेवलं. अख्खं नागपूर कूलरसमोर बसतं, मग मी का नको? अहो, पण कूलरची हवा ओली असते! चार उन्हाळ्यांत माझ्या ग्राफिक्स कार्डाला गंज चढला आणि पडद्यावर रेघा नाचू लागल्या.

आता दीक्षा अ‍ॅनिमेशन शिकते. वर्षभर खपून केलेली फिल्म तिला आठ दिवसांत कॉलेजात द्यायची होती, आणि मी घडीघडी बंद पडत होतो. शेवटी नवा प्रोसेसर, जास्तीची मेमरी आणि नवं ग्राफिक्स कार्ड घरात आलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला तर धडकीच भरली.

कारण नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून आधी माझं बायोस बदलायचं होतं. बायोस म्हणजे मला जागं कसं व्हायचं ते सांगणारा प्रोग्राम. तो बदलताना वीज गेली, तर मी कायमचा मुका होणार होतो. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. त्यात मी आणि कूलर एकाच लाइनवर, कूलर लावला की कधीकधी एमसीबी पडून वीज जायची.

"बाबा, लाइट तं नाही जाणार ना?"

"वीज बनवणं माह्या हाती हाय, घरापर्यंत टिकवणं नाही," प्रेमानंद म्हणाले. "कूलर बंद कर. दहा मिनिटं कोणी कशालेच हात लावू नका."

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन. बाप-लेक घाम पुसत माझ्याकडे बघत बसले. बायोस चाळीस टक्के बदललं आणि रंभाआत्या, प्रेमानंदांची मोठी बहीण, बाजारातून पिशव्या घेऊन आली.

"काहून गा, कूलर बंद करून बसले?" म्हणत तिने थेट बटणाकडे हात नेला. मेलो, मी म्हटलं.

"आत्या, नको!" दीक्षा ओरडली. "याच्या जिवावर बेतलं हाय!"

"डब्ब्याले का जीव रायते वं?" आत्या कुरकुरली. पण हात मागे घेतला, माझ्याजवळ बसली आणि पदराने वारा घालू लागली. थोडा स्वतःला, थोडा मला.

शंभर टक्के झाले. मी बंद झालो आणि पुन्हा जागा झालो! मग प्रेमानंदांनी नवे भाग बसवले. दीक्षाची फिल्म वेळेत गेली.

आता माझ्यात जुनं उरलंय ते खोकं, मदरबोर्ड आणि भीती. मित्रांनो, आम्हाला कूलरसमोर ठेवू नका. धूळ झाडा, हवा कोरडी द्या, आणि काम अर्धवट असताना बटणाला हात लावण्याआधी विचारा.

आमची आत्या विचारते. आजही आली की माझ्याकडे बघून म्हणते, "लावू का गा कूलर?"