सवतीचं आवतण

आवडाबाई विहिणीच्या ओसरीवर येऊन टेकली. ती तांब्याभर पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं. मनुबाई समोर तांदूळ निवडत बसली होती. आवडाबाईच्या लेकाला, येसाजीला, तिची लेक राही दिलेली. गेल्या चैत्रात राही बाळंतरोगानं गेली आणि मागे तान्ही ठमी राहिली.

"येसाजीचं लगीन ठरवलंय," आवडाबाई शेवटी म्हणाली. "पोरीला कोन बघनार? माझे हात आता चालत न्हाईत. कमळ नाव हाय तिचं."

"बरं केलंत," मनुबाई म्हणाली आणि एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आमच्या गावची धवलारीन कृष्णाबाय अंथरुणाला खिळलीय. धवला गायला कोन न्हाय, विहीणबाय. तुमाला सांगायला जीभ रेटत न्हाय, पन..."

"येते."

आवडाबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. रडणं, शिव्याशाप, सगळ्याची तयारी करून ती आली होती. एवढ्याशा होकाराचं काय करावं, ते तिला कळेना.

मांडव्यापासून रेवसपर्यंतच्या खाडीकाठच्या आगरी गावांत भटजी येवो न येवो, लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारणीवाचून लग्न उभं राहत नसे. ती गाई तेव्हा देव मांडवात येत, हळद अंगाला लागे, नवरानवरी एकमेकांची होत. मनुबाईला हे धवले आईनं शिकवले आणि तिनं ते राहीला. लेक दुसरी ओळ झेलायला लागल्यापासून दोघींचं गाणं ऐकायला बायका हातातली कामं टाकून येत.

राही गेली तेव्हा मनुबाई दुसऱ्याच गावात हळद गात होती. मचव्यानं आलेल्या माणसानं मांडवाच्या दारातच निरोप सांगितला. नवरीच्या एका गालाला हळद लागली होती, दुसरा कोरा होता. हळद अर्धी टाकून उठता येत नाही. मनुबाईनं ती पुरी गायली, हात धुतले, आणि मग मचव्यात जाऊन बसली. त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका म्हणत, काळजाचा दगड केला. तिला स्वतःला तर दगडाइतकंही जड काही लागत नव्हतं. भात खाल्ला तर भात, न खाल्ला तर तेही तसंच.

संध्याकाळी मनुबाईचा नवरा धर्माजी मिठागरावरून आला. पायांच्या भेगांना तेल चोळता चोळता त्यानं सगळं ऐकलं आणि तेलाची वाटी ढकलून दिली.

"तुला लाज न्हाय? लेकीच्या चितेची राख थंड झाली न्हाय आन् तू तिच्या नवऱ्याच्या अंगाला हळद लावनार?"

"कुनीतरी लावनारच ना."

"मंग लावू दे कुनाला. तू न्हाय जायाचंस."

मनुबाईनं सांडलेलं तेल पोतेऱ्यानं पुसलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती निघाली, तेव्हा धर्माजी तोंड फिरवून बसला होता. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

लग्न येसाजीच्याच दारी होतं, नवरीलाही तिथंच आणलं होतं. मांडवात बायकांची दाटी होती. सगळ्यांना एकच धास्ती होती, मनुबाईच्या तोंडून राहीचं नाव निघेल का. बिजवराच्या लग्नात देवांना आवतण देऊन झालं की घरातल्या पितरांना द्यायचं, आणि त्यांत मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव घ्यायचं. नाव घेऊन तिला लग्नाला बोलवायचं. नाही बोलावलं तर ती रुसते आणि नव्या नवरीला लागते. नव्या नवरीच्या गळ्यात बांधायला राहीच्या नावाचा चांदीचा टाक पाटावर ठेवलेला होता.

मनुबाईनं गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या वेताळाला बोलावलं, खाडीतल्या जलदेवतेला बोलावलं. येसाजीच्या आज्याला, पणज्याला बोलावलं. मग राहीची पाळी आली. येसाजीनं मान खाली घातली. आवडाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"ये गो राहीबाय, मांडव घातलाय," मनुबाईनं सूर धरला. "ये गो लेकी, तुजी सवत आलीय. तिची वटी भर, तिला आपली म्हन."

आवाज कुठे हलला नाही. बायकाच हुंदके द्यायला लागल्या. दुसरी ओळ झेलायला कुणी उरलं नाही, म्हणून तीही मनुबाईच गायली. गाताना ती वाट बघत होती, की आता तरी आत काहीतरी फुटेल. ओळ संपली. तिनं टाक उचलला, कमळच्या गळ्यात बांधला, गाठ पक्की बसली का ते ओढून पाहिलं आणि हळदीचं ताट पुढे घेतलं.

घरी आली तर धर्माजीनं तिच्यासाठी पेज झाकून ठेवली होती. 

पाऊसकाळ सरला, भातं कापून झाली, आणि एका सकाळी कमळ ठमीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"आये, मला धवला शिकवा," ती म्हणाली. "कृष्णाबाय गेली. आता आमच्या गावात कोन न्हाय."

मनुबाईनं पोरीकडे पाहिलं. ठमीला राहीची हनुवटी आली होती. ते तिनं पाहिलं आणि नोंदवलं, आज वारा कुठला आहे ते पाहावं तसं.

"बस," ती म्हणाली.

कमळ आठवड्याच्या बाजाराला येई तेव्हा तिच्याकडे येऊ लागली. मनुबाई ओळ सांगे, कमळ म्हणे. चुकली तर मनुबाई पुन्हा सांगे. शाबास नाही की रागावणं नाही. मिठाच्या पाट्या वाहाव्यात तशी एकेक ओळ ती समोर आणून ओती. कमळचा गळा चांगला होता, पण तिच्या माहेरकडे ओळीचं शेपूट लांबवत नेऊन वर उडवायची चाल होती. नवरीला तेल चढवायच्या गाण्यात तिनं तसंच केलं. मनुबाईनं सुधारलं. तिनं पुन्हा उडवलं, वर हसूनही पाहिलं.

"अगं, तिकडं न्हाय जायाचं!" मनुबाई ओरडली आणि तिनं कमळच्या मांडीवर फाडकन चापट मारली. "नवरी बसलीय समोर. तिला आयबापूस सोडून जायाचंय. आन् तू काय जत्रंत नाचतेस? शंभरदा सांगितलं तुला, हितं आवाज खाली ठेव!"

ठमी दचकून रडायला लागली. मागल्या दारी जाळं विणत बसलेला धर्माजी उठून आत आला. मनुबाईची कानशिलं तापली होती. आपल्याला राग आलाय, हे तिला उशिरानं कळलं. वर्ष-दीड वर्षात तिला राग असा आलाच नव्हता. तिनं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. चापटीनं तो चुरचुरत होता.

कमळनं ठमीला उचलून थोपटलं. तिचेही डोळे भरले होते, पण ती उठून गेली नाही.

"चुकले, आये," ती म्हणाली.

"चुकलीस तर पुन्हा म्हन," मनुबाई म्हणाली. "पोरीला हिकडं दे."

धर्माजी दारातच खाली बसला. कमळनं घसा खाकरला आणि ओळ पहिल्यापासून धरली.