बंदर बाराच्या चार बाटल्या

टेबलावर चार बाटल्या होत्या. बिअरच्या, तपकिरी काचेच्या. प्रत्येकीला बूच आणि बुचावर लाखेची मोहोर. पहिली बाटली तिकडे उघडून पुन्हा बंद केलेली होती. तिच्यात लालसर भुकटी चारशे बारा ग्रॅम भरली. उरलेल्या तिघींत मिळून एक हजार पाचशे एकाहत्तर.

बाटल्या परदेशातल्या एका बंदरातून आल्या होत्या. आमच्या फायलींत बंदरांची नावं लिहीत नसत, नुसते क्रमांक. हे बंदर बारा. मरोळचा डेनिस नावाचा खलाशी जहाजावरून उतरताना त्याच्या ट्रंकेत त्या सापडल्या. तिथल्या अधिकाऱ्याने भुकटीवर ॲसिडचा थेंब टाकला, रंग जांभळा झाला. अफूतल्या मॉर्फिनचा रंग जांभळाच येतो. डेनिस कोठडीत गेला. करारानुसार नमुने ज्या देशातून माल निघाला तिथे तपासायला आले, म्हणजे अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेत. सोमवारी त्याला कोर्टात उभं करणार होते. शिक्षा सात वर्षं.

सोबतच्या छापील फॉर्मवर एक ओळ होती. 'मॉर्फिन: आहे / नाही. नको तो शब्द खोडावा.'

"तू 'नाही' लिहिलंस तरी ते मानणार नाहीत, वसुधा," आमचे मुख्य केमिस्ट मार्तंडराव म्हणाले. "गेल्या वर्षी आपल्याच माणसाने पैसे खाऊन 'नाही' लिहिलं होतं. तो माल बारा नंबरलाच पकडला गेला. आपली मोहोर होती त्यावर."

"मग काय मानतील?"

"त्यांना स्वतःला मोजता येईल असा आकडा. थोडी भुकटी त्यांनी राखून ठेवली आहे. तुझ्या रीतीने त्यांचाही आकडा तोच आला, तर पोरगा सुटेल."

तो मंगळवार होता. माझ्या डब्यातल्या भाजीला हळद होती. बशीत चिमूटभर हळद घेऊन मी तेच ॲसिड टाकलं. लाल, मग जांभळट. म्हणजे रंगाला काही अर्थ नव्हता. पण बुधवारी सगळी रीत पाळून मॉर्फिन वेगळं काढलं, तेव्हा शून्य आलं नाही. शंभर ग्रॅममध्ये मिलिग्रॅमचे तीन दशांश आलं. अफू असती तर दहा ग्रॅमच्या आसपास हवं होतं. एवढंसं कुठून आलं? मी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

फायलीत इन्स्पेक्टरचा जबाब होता. बाटल्यांत काय आहे असं डेनिसच्या आईला विचारता तिने सांगण्यास नकार दिला. डेनिसही तिकडे एवढंच म्हणाला होता, 'ते फक्त आई सांगू शकते.' बंदर बाराने त्यावरून लिहिलं होतं: 'टोळीप्रमुख: आई, टोपणनाव.'

गुरुवारी सकाळी मी तराजू पिशवीत घालून मरोळला गेले. डेनिसची आई कॉन्सेप्टाबाई ओट्यावर मासळी साफ करत होत्या. शेजारच्या दारात त्यांची जाऊ ल्युसी उभी होती. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं.

"मसाला हाय तो," कॉन्सेप्टाबाई म्हणाल्या. "पोलिसाला पण तेच बोलले. त्यात काय काय घातलं ते नाय सांगायची. माझी सासू मला मरताना बोलली. मी सुनेला बोलेन, तेवा."

"खसखस आहे का, एवढं सांगा. ती अफूच्याच बोंडात होते."

"हाय ना," ल्युसी दारातून म्हणाली. "हिच्यात दोन मुठी, माझ्यात तीन."

"ऐक. म्हणून हिच्या घरी कोण जेवत नाय," कॉन्सेप्टाबाई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "अंदाज चालणार नाही, बाई. तुमचा मसाला मला जसाच्या तसा करायचा आहे. एकदा खसखस घालून, एकदा न घालता. आणि सगळी मापं परदेशात पाठवायची आहेत."

"म्हणजे ते लोक माझा मसाला करणार."

"दोन-चार केमिस्ट करतील."

"खातील?"

"नाही. ॲसिडमध्ये घालतील."

त्यांनी सुरी खाली ठेवली. बराच वेळ हात धूत राहिल्या.

"नाय दिला तर?"

"सोमवारी कोर्ट आहे."

"ल्युसी, तू बाहेर जा."

"डेनिस माझा पुतण्या नाय का गो?"

"पुतण्या तुझा, मसाला माझा. जा."

ल्युसी गेली ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. कॉन्सेप्टाबाईंनी खिडकी लावून घेतली.

बावीस जिन्नस होते. ते इथे लिहीत नाही. मापं सगळी मुठीची आणि चिमटीची. मी प्रत्येक मूठ पाच वेळा भरायला लावली आणि पाचही वेळा तोलली. खसखशीची मूठ सरासरी एकतीस ग्रॅम आली, चूक अर्ध्या ग्रॅमची. माझ्या हाताने एवढं नेमकं भरलं गेलं नसतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत दोन्ही मसाले तपासून झाले. गाळणीतून थेंब पडत होते तेव्हा मी तीनदा व्हरांड्यात जाऊन आले. बसवत नव्हतं. एक आकडा खाली-वर झाला असता, तर त्या बाईने सासूचा शब्द फुकट मोडला असता.

मार्तंडरावांनी फॉर्म पाहिला. "यातला एक शब्द खोड."

"'आहे' ठेवलं तर डेनिस तुरुंगात जाईल. 'नाही' ठेवलं तर खोटं होईल."

मग त्यांनी दोन्ही शब्दांवर रेघ मारली, समासात सही केली, आणि मी तिथे आकडे लिहिले. शंभर ग्रॅममध्ये, मिलिग्रॅम: चार बाटल्या, सरासरी ०.३०. खसखस घालून केलेला मसाला, ०.३१. खसखशीशिवाय, मोजता आलं नाही.

तार लांबलचक झाली. बावीस जिन्नस, मापं, रीत. तारमास्तर वाचत गेला आणि म्हणाला, "लग्न आहे का कुणाचं?"

रविवारी मला चैन पडेना, म्हणून मी प्रयोगशाळेत जाऊन बसले. चार वाजता बंदर बाराची तार आली. त्यांच्या केमिस्टने राखून ठेवलेली भुकटी आमच्या रीतीने तपासली होती.

०.२९.