कुंडीच्या तळाचं भोक

रोपवाटिकेच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कलमं बांधणाऱ्या, माती चाळणाऱ्या सगळ्याजणी हातातली कामं टाकून एका मोठ्या कुंडीभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या. कुंडीमागे बुवा बसले होते.

"या मातीत दुतोंड्या आहे. एक तोंड वर, एक जमिनीच्या पोटात. डॉक्टरला जे दिसत नाही ते याला दिसतं. झारीभर पाणी घाला आणि मनात विचारा. वर आला तर होय. नाही आला तर तुमची श्रद्धा कोरडी."

शाळा सुटताच धावत आलेल्या जीवशास्त्राच्या बाई दातओठ खात बघत होत्या. त्यांची थोरली बहीण इथेच कलमं बांधायची. तिला काचबिंदू होता. कडेची नजर गेलेली, उरलेली टिकवायची तर थेंब रोज घालायला हवे होते. ताईने ते तीन आठवड्यांपूर्वी बंद केले, कारण 'थेंब सोडू का?' याला दुतोंड्याने 'होय' म्हटलं होतं. बाईंनी घरी कानीकपाळी ओरडून पाहिलं, पण व्यर्थ.

आधी माळीदादांनी पाणी घातलं. ते कुंडीखालून वाहून त्यांच्या चपला भिजल्या. दुतोंड्या आला नाही. मग बुवांनी बसल्या बसल्या कुंडी नीट केली आणि ताईने झारी रिकामी केली. वर पाण्याचं तळं झालं आणि त्यातून गुलाबी, वळ्यावळ्यांचं डोकं बाहेर आलं. सगळ्यांनी हात जोडले.

बाई मात्र जमिनीकडे बघत होत्या. या खेपेला कुंडीखालून थेंबही आला नव्हता. त्या पुढे घुसल्या आणि कुंडी कलती करून तळाचं बूच उपटलं. पाणी भसकन गेलं, आणि पाठोपाठ दुतोंड्याही मातीत शिरला.

"माळीदादा, भोक बुजलं की काय होतं?"

"पाणी तुंबतं. गांडुळं वर येतात." ते थबकले. "हो की."

"रोज हेच काम करता ना तुम्ही? हा आपल्याकडचा मांडूळ साप नाही, सरड्यांच्या नात्यातला बिनपायांचा परदेशी प्राणी आहे. बिळात पाणी भरलं की श्वासासाठी वर येतो. दुसरं तोंड म्हणजे बोथट शेपूट, शत्रूला चकवायला. डोळे कातडीखाली, जेमतेम उजेड कळतो. आणि त्याला विचारून तुम्ही डोळ्यांचं औषध सोडता?"

"कलियुग आहे," म्हणत बुवा कुंडी उचलायला लागले.

"पण माझी पाठदुखी थांबली होती की," कुणीतरी पुटपुटलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

ताई रागाने वळली आणि डावीकडचा रोपांचा ट्रे खाली आला.

"हा इथे कुणी ठेवला?"

"रोज इथेच असतो, ताई," माळीदादा म्हणाले.

ताई खाली बसली. चाचपडत रोपं गोळा करू लागली, मग थांबली. "महिन्यापूर्वी दिसत होता गं मला."

"गेलं ते परत येणार नाही," बाई म्हणाल्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलल्या. "उरलंय ते राखू. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी कुंडीखाली बघा. एवढंच मागते."

त्यांनी पर्समधून थेंबांची बाटली काढली. ताईने मान मागे टाकली.