कुंभ्याबुडची खवली

माघ सरत आला होता. भरडावरच्या, त्या उंच माळजमिनीवरच्या, काजूंना मोहोर लगडला होता. ताम्रवर्ण माती, ताम्रवर्ण पालवी, आणि त्या दोहोंवर सांजवेळेचं सुवर्णजल सांडलेलं. वाऱ्याच्या झुळकेझुळकेला मोहोराचा मंद, मादक, किंचित आंबूस परिमळ. असल्या संध्याकाळी घरात बसणं हा अपराधच. पण माणसं बसतात, काय करणार!

सत्यवती बसली नव्हती. जयराम राऊळाची ही घरधनीण पातेरा गोळा करायला भरडावर आली होती, आणि वाळक्या पानांचा भारा तसाच टाकून जुन्या कुंभ्याच्या झाडापुढे खिळून उभी होती.

कुंभ्याच्या मुळांशी माती हलली. आधी एक निमुळतं, ओलसर नाक. मग कपाळावरचे खवले, मग पाठीवरचे, एकावर एक रचलेले, नळ्यांच्या कौलांसारखे. पिंगलवर्णा, कवचधारिणी, मंदगामिनी अशी ती खवली, म्हणजे खवलेमांजर, बिळातून बाहेर आली. आणि शेपटीच्या मुळाशी, इवल्या नखांनी घट्ट धरून, पोट टेकून, तिचं पिल्लू बसलं होतं. गुलाबी, मऊ, कालपरवा जन्मल्यासारखं. आईच्या शेपटीवर बसून स्वारी जग बघायला निघाली होती!

"अगे बाये माझे!" सत्यवती पुटपुटली, आणि तिचे डोळे भरले.

किती साधं जनावर हे! तोंडात दात नावाला नाही. नजर अधू, नाक तेवढं तिखट. वारुळाचा वास लागला की पुढच्या नखांनी माती उकरायची, लांबलचक चिकट जीभ आत सोडायची आणि वाळवी टिपायची. अंगावरचे खवले म्हणजे तरी काय, तुमच्या-माझ्या नखांचंच द्रव्य. ना फुत्कार, ना चावा, ना कुणाशी वैर. संकट आलं की पिल्लाला पोटाशी घ्यायचं आणि त्याच्याभोवती गुंडाळून राहायचं. एवढीच तिची विद्या. बिबट्याला ती पुरते; लोखंडाला पुरत नाही.

आणि लोखंड तर उद्याच यायचं होतं. जयरामाने भरड सपाट करून नवी काजूकलमं लावायचं ठरवलं होतं. जेसीबी सांगून ठेवला होता. कुंभाही पडणार होता.

पान वाढता वाढता सत्यवतीने विषय काढला. "कुंभ्याबुडी खवली व्याली हा. फाल्यां मशीन तेवढ्या जाग्याक लावू नकात."

"जनावराक पाय आसत मगे. आवाज आयकान जातली पळान."

"ती पळणा नाय हो, गुंडाळता. दिसाची निजलेली आसता. मशीनच्या दातांक ता काय समाजतला?"

"मांजरासाठी मी काजी लावूचे नाय म्हणतस?" जयराम हसला आणि हात धुवायला उठला. झालं, संपला विषय! मला अशा नवऱ्यांचा भारी राग येतो. पण माणूस वाईट नव्हता. नुसता घाईत होता.

एक मात्र खरं. या जयरामाची जीभ म्हणजे गावाचं भूषण. देवापुढे गाऱ्हाणं घालावं ते त्यानेच! कार्य कुठलंही असो, नारळ ठेवून, हात जोडून देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने विनवायचं, आणि मागे उभ्या मंडळींनी प्रत्येक विनवणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो बोलला की शब्दामागून शब्द झरत. मध्ये कुणाचं नाव राहिलं, तर मागून कुणीतरी हळूच सुचवी, आणि तो ते नाव श्वासही न मोडता ओवून घेई. सांगणारा नेहमी तोच. "व्हय म्हाराजा" म्हणायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती. आणि देवापुढे तोंडातून गेलेला शब्द त्याने कधी फिरवला नव्हता.

सकाळ झाली. धुक्याचं धवल वस्त्र भरडावरून सावकाश ओढलं जात होतं. बांधापाशी जेसीबी उभा होता, पिवळाधमक. राखणदाराच्या दगडापुढे जयरामाने नारळ ठेवला. शेजारची मंडळी मागे उभी राहिली. सत्यवती अगदी त्याच्या खांद्यामागे आली.

"बा देवा म्हाराजा! ह्या भरडाच्या राखणदारा! आज तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हयसर जो राबता, जो रवता, तेका राख! पोराबाळांक राख, गुरावासरांक राख..."

जयरामाने श्वास घेतला. आणि खांद्यामागून, मोहोर गळावा इतक्या हळू, शब्द आले: "कुंभ्याबुडच्या खवलीक, तिच्या पिल्लाक..."

"कुंभ्याबुडच्या खवलीक, तिच्या पिल्लाक राख! तेंच्या केसाक धक्को लागूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी गरजली. सगळ्यात मोठा आवाज सत्यवतीचा होता.

जयरामाचे हात जोडलेलेच राहिले. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या कानांपर्यंत आता पोचत होतं, आणि कान लाल होत होते.

"काका, चालू करू?" जेसीबीवरच्या शिवानंदने विचारलं.

जयराम वळला. "माझ्या तोंडातसून काय काढून घेतलंस गो ह्या?"

"मी खय काय काढलंय? तुमी बोललात, राखणदारान आयकल्यान." सत्यवतीने पदर सारखा केला. मागे कुणाला तरी हसू आवरेना.

जयरामाने दगडाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, कुंभ्याकडे पाहिलं. कलमांची एक अख्खी ओळ तिथे बसणार होती. "शिवानंदा," तो शेवटी म्हणाला, "कुंभ्याचो वरचो कोपरो सोड. खालसून घे." आणि बायकोशी दिवसभर अवाक्षर बोलला नाही.

पुन्हा सांज आली. पुन्हा तीच ताम्रवर्ण माती, आता अर्धी उकरलेली. तोच परिमळ, तेच सुवर्णजल. कुंभा जागच्या जागी उभा होता. सत्यवती गुपचूप निघाली, तर मागे पावलं वाजली.

"बघतंय तरी," जयराम घुश्शातच म्हणाला.

दोघं एका मोठ्या दगडाआड बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. दिवसभराच्या त्या गडगडाटाने आत काय झालं असेल, या धास्तीने सत्यवती पुन्हा पुन्हा मान उंचावून बघत होती. जयरामही चुळबुळायचा थांबला होता.

मग मुळांशी माती हलली.

निमुळतं नाक आलं, वारा हुंगून थांबलं. पिंगलवर्णा, कवचधारिणी, मंदगामिनी ती आली; आणि शेपटीच्या मुळाशी, इवल्या नखांनी घट्ट धरून, तो गुलाबी जीव आला. नव्या उकरलेल्या मातीतून ती दोघांच्या अगदी समोरून गेली. तांबड्या धुळीवर शेपटीची एक नाजूक, नागमोडी रेघ उमटत गेली.

जयरामाने पायांतल्या वहाणा कधी काढल्या, त्यालाही कळलं नाही. हात जुळले होते. त्या झऱ्यासारख्या जिभेला एक शब्द सुचेना. ती रेघ काळोखात विरली, मोहोराचा गंध दाटला, आणि जन्मभर गाऱ्हाणं घालत आलेला तो माणूस अगदी हळू, मागे उभ्या राहणाऱ्यांसारखा, म्हणाला:

"व्हय म्हाराजा."