चारशे शहाऐंशी एमबी

रोझलीनने चौथ्यांदा क्लिक केलं आणि लॅपटॉपने चौथ्यांदा तेच सांगितलं. फाइल उघडता येत नाही.

स्कॅन सेंटरने पाठवलेली झिप होती ती, सासऱ्यांच्या पोटाच्या सीटी स्कॅनची. लिंक नको, आतले मोजके फोटोच चारच्या आत पाठवा, असं मुंबईच्या सर्जननी सांगितलं होतं. ते बघूनच ऑपरेशनचं ठरणार होतं, आणि रात्री सर्जन पंधरा दिवसांसाठी परदेशी निघणार होते. त्यात रविवार, सेंटर बंद. नवरा केल्विन बोटीवर, परतायला अजून तीन दिवस. पावणेतीन वाजले होते. तिने भावाला, मेलरॉयला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्त करण्यावरच त्याचं पोट होतं.

"साइज किती दाखवतोय?" मागे बँड वाजत होता.

"दोनशे बारा एमबी."

"आणि लिंकवर किती लिहिलंय?"

"चारशे शहाऐंशी."

"मग अर्धीच उतरलीय, रोझी. अर्धी झिप उघडत नाही. फाइल बरोबर आहे, तुझं नेट मधेच जातंय."

"तू उतरव ना मग."

"मनवेलपाड्यात घरी असतो तर उतरवली असती. इथे लग्नाच्या हॉलमध्ये कुठला लॅपटॉप? पुन्हा लाव. आणि थांबली की राउटरचे दिवे बघ आधी."

मोबाइलच्या नेटचं तिने विचारलंच नाही. पाचूबंदरच्या त्या गल्लीत रेंज जेमतेम बोलण्यापुरती.

तिने पुन्हा लावली. आधीच्या फाइली एकशे ऐंशीवर, तीनशे चारवर, कुठेही तुटल्या होत्या. पदराने तळहात पुसत ती आकड्याकडे बघत बसली. दोनशे. तीनशे. तीनशे नव्वदवर आकडा थांबला, तशी ती उठून बाहेरच्या खोलीत धावली.

राउटरचे दिवे गेले होते. लाइट गेली म्हणावं तर पंखा फिरत होता. मग तिची नजर वर आल्तारवर गेली. येशूच्या तसबिरीपुढचा लाल बल्बही विझला होता. दोन्ही एकाच बोर्डावर होते. हा बल्ब या घरात गुड फ्रायडेलाच काय तो बंद व्हायचा. सासूबाईंचा, बर्थाचा, तसा दंडक होता, आणि त्या गेल्यावरही सासऱ्यांनी, सॅन्टननी, तो पाळला होता.

सॅन्टन बोर्डाशेजारच्या खुर्चीत बसले होते. हात अजून बटणाजवळच होता.

रोझलीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पप्पा, सकाळपासून तुम्हीच बंद करताय?"

"बर्थाचा बी फोटो असाच आलेला," ते म्हणाले. "तो उघडला नवता तवर ती रोज वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत घालत होती. उघडला, आनि मंग खाटेवरनं उठलीच नाय."

तिला पुष्कळ सांगता आलं असतं. सासूबाईंचा आजार वेगळा होता, तो कळायलाच उशीर झाला होता. पण भीती तिलाही वाटत होती. सकाळपासून ती त्या भीतीपायीच लॅपटॉपवर डाफरत होती. तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली.

"चारनंतर डॉक्टर भेटायचे नाहीत, पप्पा."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सव्वातीनवर आला. सॅन्टननी बटण दाबलं. बल्ब लागला, मग राउटरचे दिवे एकेक करून लागले.

तिने लॅपटॉप आणून त्यांच्यासमोर बाकावर ठेवला आणि पहिल्यापासून लावलं.

"किती पायजे?"

"चारशे शहाऐंशी."

त्यांनी चष्मा चढवला. मासळीच्या लिलावात काट्यावर नजर ठेवावी तशी आकड्यावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. तीन चाळीसला आकडा पूर्ण झाला. या वेळी झिप मुकाट उघडली, आत फोटोंची रांग दिसली.

रोझलीनने पहिल्या फोटोवर बाण नेला. सकाळपासून याच एका क्लिकसाठी ती धडपडत होती. आता तिचं बोट खाली जाईना.

सॅन्टननी थोडं थांबून पाहिलं. मग जाळी ओढून राठ झालेलं आपलं बोट तिच्या बोटावर ठेवलं आणि दाबलं.